क्लासिक क्रॉस-कंट्री स्कीइंग: आधी एका पायावर उभं राहायला शिका

गुलमर्गला किंवा औलीला पर्यटकांना जे स्कीइंग शिकवतात, ते मुख्यतः उतारावरून खाली येण्याचं असतं. क्रॉस-कंट्री त्याहून फार वेगळं आहे. इथे बुटाचा फक्त पुढचा काठ स्कीला अडकतो, टाच मोकळी राहते आणि सपाटी, चढ, उतार सगळं स्वतःच्या जोरावर कापायचं असतं. त्यातला क्लासिक प्रकार म्हणजे यंत्राने बर्फात पाडलेल्या दोन समांतर खाचांमधून पाय सरळ ठेवून घसरत जाणं. बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडते तशीच ही चाकोरी, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे. स्की बाहेरच्या बाजूला तिरकी रेटत जाण्याचा स्केटिंग प्रकार १९८०च्या दशकात रुळला, आणि १९८८च्या कॅल्गरी ऑलिंपिकपासून दोन्ही प्रकारांच्या शर्यती वेगळ्या होतात. स्वीडनची ९० किमीची व्हासालोपेत (पहिली शर्यत १९२२) आणि पाठीवर साडेतीन किलोंचं ओझं घेऊन धावायची नॉर्वेची ५४ किमीची बिर्केबाइनर या दोन्ही मोठ्या शर्यती मात्र आजही क्लासिकच्याच आहेत.

ऑस्लो, स्टॉकहोम, मिनिआपोलिस किंवा ओटावाला नोकरीशिक्षणासाठी गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात ऐकायला मिळतं, की चालता येतं त्याला हे जमतं. ते अर्धंच खरं आहे. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण दोन्ही पायांवर भार असतो. क्लासिकमध्ये तोच क्षण सगळं बिघडवतो. संपूर्ण वजन एका स्कीवर, मग संपूर्ण वजन दुसऱ्या स्कीवर, या एका गोष्टीवर सगळं तंत्र उभं आहे. ती जमली नाही, तर महागडी स्कीही निसटते आणि माणूस हातांच्या जोरावर स्वतःला ओढत राहतो.

कमान कशासाठी असते

स्की जमिनीवर ठेवून बाजूने पाहा. टोक आणि शेपूट टेकलेलं असतं, मधला भाग कमानीसारखा उचललेला. या कमानीखाली पकड देणारी गोष्ट असते: ग्रिप वॅक्स (पकडीसाठी तळाला लावायचं मेण), मोहेरची म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची पट्टी किंवा तळाला कोरलेले खवले. दोन्ही पायांवर सारखं वजन घेऊन उभं राहिलात तर कमान पूर्ण दबत नाही, पकडीचा भाग बर्फाला नीट लागत नाही आणि स्की घसरते. सगळं वजन एका पायावर आणून खाली दाबलंत की कमान सपाट होते, पकड बर्फात बसते आणि स्की क्षणभर जागच्या जागी थांबते. त्या थांबलेल्या स्कीवरून शरीर पुढे ढकलायचं असतं. पुढचं सगळं शिक्षण म्हणजे ही दाबण्याची वेळ साधणं.

म्हणून स्की निवडताना उंचीपेक्षा वजन जास्त महत्त्वाचं. लांबी साधारणपणे उंचीपेक्षा १५ ते २५ सेंमी जास्त असते, पण कमान किती कडक आहे ते तुमच्या किलोंवर ठरतं. दुकानात कागदाची चाचणी करून घ्या. सपाट फरशीवर बूट घालून दोन्ही स्कींवर सारखं उभं राहा. पायाखाली सरकवलेला पातळ कागद टाचेपासून पावलाच्या पुढे निदान २०-२५ सेंमीपर्यंत सहज हलला पाहिजे. आता सगळं वजन एका पायावर घ्या. त्याच स्कीखालचा कागद घट्ट अडकला पाहिजे. एका पायावर उभं राहूनही कागद हलत असेल, तर स्की तुम्हाला कडक आहे आणि चढावर पाय मागे निसटत राहील. दोन्ही पायांवर उभं असतानाच कागद अडकत असेल, तर स्की मऊ आहे, पकडीचा भाग सतत घासत राहील आणि वेग येणार नाही. भाड्याची स्की देताना अनेकदा फक्त उंची विचारतात. वजन आपणहून सांगा.

पहिल्या हंगामासाठी मोहेरच्या पट्टीची स्की घ्या, असं आमचं ठाम मत आहे. पट्टीतले केस मागच्या दिशेला वळलेले असतात. मांजराच्या पाठीवरून केसांच्या दिशेने हात फिरवावा तशी ती पुढे घसरते आणि उलट दिशेला अडते. वॅक्सची पकड जमली तर ती अधिक चांगली असते, पण पाय का निसटला, वॅक्स चुकलं म्हणून की तंत्र चुकलं म्हणून, हे नवशिक्याला कळत नाही. पट्टीमुळे निदान एक शंका मिटते.

काठ्यांची लांबी उंचीच्या ८३ ते ८५ टक्के असावी, म्हणजे १७० सेंमी उंचीला १४० ते १४५ सेंमी. उभं राहिल्यावर काठी खांद्याच्या आसपास येते. स्केटिंगच्या काठ्या याहून बऱ्याच लांब असतात, त्या चुकून घेऊ नका. पट्ट्यात हात खालून वर घाला आणि मग पट्टा व मूठ एकत्र धरा. बहुतेक पट्ट्यांवर डावा-उजवा लिहिलेला असतो. पट्टा मनगटाला नीट बसला पाहिजे, कारण रेट्याच्या शेवटी बोटं उघडतात आणि जोर पट्ट्यातून जातो.

कपडे कमी घाला. उभं असताना किंचित थंडी वाजली पाहिजे, १० मिनिटांत अंग तापतं. आतला थर सुती नको. घामाने भिजलेलं सुती बनियन थांबल्याबरोबर बर्फासारखं गार पडतं.

जागा आणि दिवस

सपाट, ताज्या चाकोऱ्या असलेली जागा आणि उणे ३ ते उणे १० अंशांचा दिवस शोधा. शून्याच्या आसपास ताजा बर्फ पट्टीला आणि वॅक्सला चिकटून गोळे होतात. पाऊस पडून पुन्हा गोठला असेल तर चाकोरी काचेसारखी गुळगुळीत होते आणि नवशिक्याला उभंही राहता येत नाही. ऑस्लोत मेट्रोच्या १ क्रमांकाच्या गाडीतून स्की घेऊन शेवटच्या फ्रोग्नरसेतेरेन स्थानकावर उतरणारी गर्दी पाहून तिच्यामागे जाण्याचा मोह होतो, पण तिथून निघणाऱ्या वाटा चढउताराच्या आहेत. पहिले तीन-चार दिवस घराजवळच्या खेळाच्या मैदानावर पाडलेल्या चाकोऱ्या पुरतात.

स्की अडकवण्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढा. पुढच्या काठाखालच्या आडव्या दांडीभोवती बर्फ राहिला तर बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी खिट्टी) बंद झाल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच रेट्याला निघतं.

काठ्या बाजूला ठेवा

पहिला अर्धा तास काठ्यांशिवाय. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि नंतर वर्षानुवर्षं हातांनी ओढत राहतात.

उभं कसं राहायचं ते आधी बघू. घोट्यात वाका, गुडघे सैल ठेवा आणि कंबर पावलांच्या वर, किंचित पुढे आणा. पाठ थोडी गोल, खांदे सैल, नजर १० मीटर पुढे. पुढचा कल घोट्यातून यायला हवा, कमरेतून नाही. खुर्चीवर बसल्यासारखी बैठक मागे गेली की वजन टाचेवर जातं, कमान दाबली जात नाही आणि मांड्या पाच मिनिटांत भरून येतात. घोट्यातूनच वाकतोय का, हे तपासायला जागच्या जागी दोन्ही टाचा बर्फावरून अलगद उचलून बघा. तोल न जाता उचलता आल्या तर उभं राहणं बरोबर आहे.

आता एक स्की काढा. दुसरी चाकोरीत ठेवा आणि मोकळ्या बुटाने बाजूच्या बर्फावर रेटा द्या, लहान मुलं पायाने ढकलायची स्कूटर चालवतात तसं. प्रत्येक रेट्यानंतर बूट हवेत ठेवून एका स्कीवर घसरत राहा आणि मनात आकडे मोजा. सुरुवातीला 'एक' म्हणायच्या आत बूट खाली टेकतो. 'एक, दोन, तीन' होईपर्यंत टिकलात की पाय बदला. दोन्ही बाजूंना १०-१२ फेऱ्या करा. एक बाजू नेहमीच कच्ची निघते, तिला दुप्पट वेळ द्या. घसरत्या पायावर नाक, गुडघा आणि बुटाचं टोक वरून पाहिलं तर एका रेषेत यायला हवं. नाक दोन स्कींच्या मधोमध राहिलं, तर वजन अजून वाटलेलंच आहे.

महाराष्ट्रातून निघण्याआधी याची थोडी तयारी घरी करता येते. आरशासमोर अनवाणी एका पायावर उभं राहून, घोट्यातून पुढे कलून, दुसरा पाय लंबकासारखा मागेपुढे झुलवा. रोज दोन्ही पायांवर दोन-दोन मिनिटं. बर्फावरचा पहिला दिवस यामुळे खूप सोपा जातो.

किक म्हणजे लाथ नव्हे

दोन्ही स्की घालून, काठ्यांशिवाय, चालायला लागा. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे, नेहमीच्या चालीसारखंच. हळूहळू पावलं लांब करा आणि घसरण येऊ द्या. यालाच नॉर्वेजियन लोक 'डियागोनालगांग' म्हणतात, म्हणजे तिरपी चाल, कारण विरुद्ध बाजूंचे हात-पाय जोडीने चालतात.

इंग्रजीत रेट्याला किक म्हणतात आणि त्या शब्दाने घोळ होतो. लोक पाय मागे झाडतात. मराठीत त्याला 'दाब' म्हणा, निम्मी चूक तिथेच टळेल. दाब खाली द्यायचा असतो, आणि तो नेमका घसरणारा आणि मागून येणारा असे दोन्ही पाय शेजारी शेजारी येतात त्या क्षणी. तेव्हा घसरणाऱ्या पायाचा गुडघा आणि घोटा पटकन आणखी थोडे वाकवायचे आणि उडी मारण्याआधी जमिनीला रेटतो तसं पूर्ण पाऊल खाली दाबायचं. कमान सपाट होते, स्की थांबते, शरीर पुढे निघतं. पाय मागे जातो तो या दाबाचा परिणाम म्हणून, मुद्दाम न्यायचा म्हणून नाही. हा सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवेतो संपतो. सावकाश दाबलेली स्की पकडत नाही.

दाब उशिरा दिला, म्हणजे पाय कमरेच्या मागे गेल्यावर दिला, तर जोर मागच्या दिशेला लागतो, कमान उचललेलीच राहते आणि स्की सपकन मागे निसटते. निसटणाऱ्या स्कीचा आवाज ओळखायला शिका. दाब वेळेवर असेल तर जवळजवळ आवाज होत नाही. प्रत्येक पावलाला 'फट' असा आवाज येत असेल, तर वॅक्सला किंवा पट्टीला दोष देण्याआधी दाब लवकर देऊन पाहा.

मागे गेलेला पाय सैल सोडा. स्कीची शेपटी किंचित उचलली जाते, स्कीचं पुढचं टोक बर्फावरच राहतं. मग पाय मांडीच्या सांध्यातून लंबकासारखा पुढे येऊ द्या आणि बर्फाला तो दुसऱ्या पावलाच्या अगदी शेजारी लागू द्या. आधीच, मागे असतानाच टेकला तर तुम्ही दोन्ही पायांवर आलात आणि घसरण मेली. हवेत उचलून पुढे आपटला तर वेग तिथेच तुटतो. पाय पुढे जाताना कंबरही त्याच्याबरोबर, त्याच्यावर गेली पाहिजे. पाय पुढे आणि कंबर मागे, ही जुन्या जाणत्या स्कीअरांतही दिसणारी चूक आहे.

हे जमायला वेळ लागतो. पाच-सहा वेळा बाहेर पडल्यावर एखाद्या मिनिटापुरतं सगळं जुळून येतं आणि पुन्हा हरवतं. ते तसंच असतं. दमल्यावर रेटून सराव करू नका, थकलेलं शरीर दोन्ही पायांवर उभं राहायला शिकतं. ४५ मिनिटं पुरे.

आता काठ्या

काठ्या हातात आल्या की बऱ्याच जणांचं संचलनातल्या गोंधळलेल्या मुलासारखं होतं: उजव्या पायाबरोबर उजवाच हात. अशा वेळी विचार करू नका. काठ्या सैल सोडून मागे फरफटू द्या, साधं चाला, आणि चाल आपोआप जुळली की काठी टेकवायला सुरुवात करा.

काठीचं टोक समोरच्या पायाच्या बुटाजवळ टेकतं आणि काठी मागे कललेली असते. हात खांद्याच्या उंचीला, कोपर थोडं वाकलेलं. टोक बुटाच्या पुढे रोवलं गेलं तर काठी उभी होते आणि प्रत्येक पावलाला स्वतःलाच ब्रेक लागतो. रेटा हात कमरेच्या मागे जाईपर्यंत, आणि शेवटी बोटं उघडायची. मूठ घट्ट धरून ठेवणाऱ्यांचे कोपराखालचे हात अर्ध्या तासात दगड होतात.

सपाटीवर चांगला वेग असेल किंवा हलका उतार असेल तर पाय झुलवण्यात अर्थ नसतो. तिथे दोन्ही काठ्या एकदम मारायच्या, म्हणजे डबल पोलिंग. हात चेहऱ्याच्या उंचीला आणा, टाचा उचलून शरीर पुढे पडू द्या आणि काठ्या बुटाच्या टोकांच्या जरा पुढे रोवा. पहिला जोर पोटाचा. धड खाली येतं, कोपरं जवळजवळ काटकोनात टिकतात, हात गुडघ्यांच्या बाजूने मागे जातात. मग घसरत असतानाच पुन्हा उंच व्हा. फक्त दंडांनी ओढणारे लवकर थकतात, आणि पाठ जमिनीला समांतर करणारे पुन्हा वर यायला वेळ घेतात. व्हासालोपेतमधले आघाडीचे पुरुष स्पर्धक आता ग्रिप वॅक्स न लावता ९० किमी डबल पोलिंगनेच जातात. त्यांचं पाहून पाय विसरू नका, त्यांची ताकद वर्षानुवर्षांच्या सरावाची आहे. तिरप्या चालीला वेग जास्त आणि डबल पोलिंगला कमी वाटला, तर मधला मार्ग असतो: हात पुढे येताना एका पायाने दाब द्या आणि मग दोन्ही काठ्या मारा. पुढच्या वेळी दुसरा पाय.

चढ

चढावर पावलं आखूड आणि पटपट करा, जॉगिंग केल्यासारखी. नजर चढाच्या माथ्याकडे ठेवा. खाली स्कीच्या टोकांकडे पाहिलं की कमरेत वाकलं जातं, वजन पकडीच्या भागावरून सरकतं आणि नेमका तिथेच पाय निसटतो. निसटायला लागलं की बहुतेक जण आणखी पुढे वाकतात. उलट ताठ व्हा, कंबर पुढे आणा आणि पूर्ण पाऊल दाबा.

त्यानेही भागत नसेल तर चाकोरी सोडा आणि स्कींची टोकं बाहेर वळवून इंग्रजी व्ही अक्षर करा, शेपट्या जवळ. नॉर्वेत याला 'फिस्केबाइन', माशाचा काटा म्हणतात, कारण बर्फावर तशीच नक्षी उमटते. गुडघे आत झुकवले की स्कीच्या आतल्या कडा बर्फात रुततात. काठ्या शरीराच्या मागे आणि स्कींच्या बाहेर टेकवा. मागे घसरलात तर व्ही रुंद करा. शेपटीवर शेपटी पडत असेल तर पाऊल जरा जास्त पुढे टाका.

उतार, ब्रेक आणि पडणं

या स्की अरुंद, बहुतेकींना धातूची कडा नसते आणि टाच मोकळी. म्हणून उतारावरच्या स्कीइंगमध्ये मारता येतो तसा कडक ब्रेक इथे मारता येत नाही. वेग वाढण्याआधीच थांबवायला सुरुवात करा, हा इथला सगळ्यात मोठा नियम. सरळ, दिसणाऱ्या उतारावर चाकोरीतच राहा, गुडघे वाकवा, हात पुढे आणि काठ्यांची टोकं मागे. काठी पुढे रोवून थांबू पाहाल तर ती मोडेल किंवा पोटात घुसेल.

वेग आवरायला एक स्की चाकोरीत ठेवा, दुसरी बाहेर काढून तिची शेपटी बाहेर ढकला आणि आतली कड टेकवा. हा अर्धा नांगर. पूर्ण नांगरासाठी दोन्ही स्की चाकोरीबाहेर, टोकांमध्ये मूठभर अंतर, शेपट्या रुंद, गुडघे वाकलेले. वळण दिसलं की त्याच्या आधीच चाकोरी सोडा, आणि वळायच्या दिशेला छोटी छोटी पावलं टाकत वळा. मोठं एक पाऊल टाकलं की स्की एकमेकींवर चढतात.

आवाक्याबाहेर गेलं तर बाजूला कलून बैठकीवर बसा. पुढे पडू नका. उठताना आधी स्की उताराला आडव्या आणि समांतर करा, शरीराच्या खालच्या बाजूला. मग गुडघ्यांवर या, एक स्की पुढे सरकवा आणि गुडघ्यावर हात टेकून उभे राहा. सगळ्यात आधी मात्र चाकोरीतून बाजूला व्हा. मागून उतारावर येणारा थांबू शकत नाही. विश्रांतीसाठीही चाकोरीत उभं राहायचं नाही, आणि वाट दुहेरी असेल तर उजवीकडची चाकोरी आपली.

पुढे वॅक्सकडे वळाल तेव्हा

स्की स्थिर असताना ग्रिप वॅक्स बर्फाच्या कणांची टोकं आत रुतू देतं आणि घसरताना सोडतं. ते जास्त मऊ असेल तर कण अडकून बर्फ साचतो, जास्त कडक असेल तर पकड नाही. डब्यांचे रंग ढोबळमानाने असे: हिरवा कडक थंडीचा, निळा शून्याखालच्या मध्यम थंडीचा, जांभळा शून्याच्या आसपासचा, लाल ओल्या बर्फाचा. टाचेपासून पुढे ४०-४५ सेंमीच्या भागावर पातळ थर द्या, प्रत्येक थर बुचाने घासून गुळगुळीत करा. तीन ते पाच थर. मग स्की १० मिनिटं बाहेर थंड होऊ द्या. गरम स्की ताज्या बर्फावर ठेवली तर तळाला बर्फ गोठतो. पाय निसटतोय? आधी त्याच वॅक्सचा एक थर वाढवा किंवा वॅक्सचा भाग थोडा पुढे लांबवा, नंतरच मऊ वॅक्स घ्या. कडकावर मऊ बसतं, मऊ वॅक्सवर कडक वॅक्स टिकत नाही. गोठलेल्या जुन्या बर्फासाठी क्लिस्टर नावाचं वॅक्स लागतं, ते गुळाच्या पाकासारखं चिकट असतं आणि कपड्याला लागलं तर सहज निघत नाही.

घरी आल्यावर मोहेरची पट्टी फडक्याने पुसा आणि खोलीच्या तापमानाला वाळू द्या, हीटरवर नको, पट्टीखालचा गोंद सुटतो. बुटाच्या पुढच्या दांडीभोवतीचं पाणीही पुसून घ्या.